अडीच सुती कच्चा बोल्ट

अण्णा,

आज एक खोली गाडीच्या पोटात ढकलायची होती. ती सकाळी साडेदहाला गेली. एवढंच सांगायला कागद घेतला असं म्हटलं तर तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे बघाल, कारण मी तुम्हाला कधी काही सहज सांगितलेलं नाही. खरं आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. अठ्ठावीस वर्षं राहून गेलेलं भांडण आहे, आणि ते नीट भांडायचं तर आधी या खोलीचं सांगणं भाग आहे.

गाडी म्हणजे मोटारहोम. टेम्पोपेक्षा मोठी, आत दोन पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं बसवलेलं. कुठंही न्या, उभी करा, राहा. आमची मूळची अमेरिकेतली. कुणीतरी हौसेनं आयर्लंडला आणली आणि परत जाताना इथंच टाकून गेला, त्याच्याकडून आम्ही घेतली. स्टिअरिंग इथल्या हिशेबानं उलट्या बाजूला. तिच्या एका कुशीला एक खोली आहे, सोफा आणि त्याच्यावरची खिडकी धरून अख्खी, जी बटण दाबलं की टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकते. गाडी उभी असली की खोली बाहेर काढायची, म्हणजे आत फुगडी घालायला जागा. गाडी चालवायची तर खोली आत घ्यायची. बाहेर ठेवून गाडी रस्त्यावर नेता येत नाही, आणि आम्ही जिथं होतो तिथल्या फाटकातून तर ती निघालीच नसती.

आई आली आहे. यंदाची, म्हणजे दोन हजार अठरातली, ही तिची तिसरी खेप, आणि गुडघ्यांकडे बघता शेवटची, असं ती स्वतःच म्हणते. आम्ही हल्ली ॲथलोनला असतो. मी एका टेलिकॉम कंपनीत, नवरा हॉस्पिटलात. ॲथलोनजवळच्या तळ्याकाठी एक कॅम्पसाइट आहे. म्हणजे एक मोठं हिरवं रान, दोन नळ, एक फाटक आणि साठीची एक मालकीण. नवऱ्याला ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघीच चार दिवस राहायला गेलो. आईला फार आवडलं. बदकांना पोळीचे तुकडे, शेजारच्या तंबूतल्या बाईला शिरा, असा तिचा दरबार सुरू झाला. शुक्रवारी मालकीण येऊन सांगून गेली की रविवारी दुपारी हंगाम संपतो आणि फाटकाला साखळी लागते. त्यानंतर पावसानं ही जमीन भिजली की जड गाडी रुतते, आणि रुतली की थेट पुढच्या एप्रिलपर्यंत तिथंच. आम्ही म्हटलं, आम्ही शनिवारी सकाळीच निघतोय.

शनिवारी सकाळी निघायच्या आधी आईनं पोळ्या केल्या. ॲथलोन तिथनं पंचवीस मिनिटांवर आहे, पण वाटेत भूक लागली तर? लाटणं धुऊन तिनं ओट्याच्या कडेला वाळत ठेवलं. मी बटण दाबलं, खोली गुरगुरत आत यायला लागली, ओटा हादरला, लाटणं घरंगळून खाली पडलं आणि सरकत्या खोलीच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात, नेमकं फटीत जाऊन बसलं. आई ओरडली, "अगं लाटणं, लाटणं!" मला वाटलं ती लाटणं विसरू नकोस म्हणून सांगतेय. मी म्हटलं, "हो गं, घेते," आणि बटणावरचं बोट तसंच ठेवलं. मोटर कण्हायला लागली तरी ठेवलं. मग खालून दगड फोडल्यासारखे तीन-चार आवाज आले आणि सगळं थांबलं. खोलीची मागची बाजू चार इंच आत आली होती, पुढची होती तिथंच बाहेर. ना आत ना बाहेर, आणि वर तिरकी.

मालकीण आली, वाकून बघितलं, ओठ चावले. म्हणाली, "युअर मॅन इन ॲथलोन, ही डझ द कॅम्पर्स. ही'ल हॅव अ लुक. थ्री वीक्स, मेबी." आईला कामापुरतं इंग्रजी येतं. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "जावई कशाला येतायत? आणि त्यांना इथं यायला तीन आठवडे?" युअर मॅन म्हणजे नवरा नव्हे, इथं कुठल्याही बाप्याला युअर मॅन म्हणतात, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. खऱ्या नवऱ्याला फोन केला. तो दोन पेशंटच्या मधे होता. म्हणाला, "तू हात घालू नकोस हां. तुला नाही जमायचं, उगाच वाढवून ठेवशील. अडकली तर अडकली, एप्रिलमध्ये बघू." वाईट अर्थानं नाही म्हणाला तो. पण या वाक्यावर माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी चटई घेतली आणि गाडीखाली शिरले.

खाली काय आहे ते तुम्हाला लगेच कळेल. एक मोटर. तिनं फिरणारा एक लांब दांडा, गाडीच्या पुढून मागपर्यंत गेलेला. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक दातेरी चाक, आणि प्रत्येक चाकावर खोलीला जोडलेली दात्यांची पट्टी. चाकं फिरली की पट्ट्या सरकतात, दोन्ही बाजू एकदम. मोटर आणि दांडा यांच्या जोडात एकच बोल्ट आरपार घातलेला आहे. खोली कुठं अडली तर हा बोल्ट तुटायचा, मोटर मोकळी फिरायची, आणि बाकी सगळं वाचायचं, अशी योजना. एप्रिलमध्ये तो एकदा तसा तुटलाही होता आणि मीच तो बदलला होता. शनिवारी मात्र तो जागेवर ठणठणीत होता, आणि पुढच्या चाकाचे तीन दाते चेपून त्यांच्या कडा बाजूला दुमडल्या होत्या. लाटण्यानं अडवलेलं ते चाक पट्टीवरून उड्या मारत घसरलं होतं आणि मागचं इमानानं चालत राहिलं होतं.

एप्रिलचं सांगते. तो तुटका बोल्ट हातात आला तेव्हा मला हसू आलं होतं. अगदी मऊ लोखंड. लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकलेलं डोक्यात होतं. अंगणात कुणाचा पंप उघडून बसलात की आतनं एखादा वाकलेला बोल्ट काढायचात, सगळ्यांना दिसेल असा वर धरायचात आणि म्हणायचात, "कुणी घातलाय हा कच्चा बोल्ट?" ज्यानं घातला त्याची सात पिढ्यांची अक्कल निघायची. तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि आठ मिलिमीटरचा, डोक्यावर दहा पॉइंट नऊ असा आकडा कोरलेला बोल्ट आणला. त्याच्याहून पक्का त्या दुकानात नव्हता. घट्ट करताना मनात तुम्हाला म्हटलं, आता बोला.

आता भांडण. दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी तुमच्या मागं लागले होते. तुम्ही आयटीआयत फिटर ट्रेडचे निदेशक. गावातली निम्मी पोरं तुमच्या हाताखालनं गेलेली, आणि रविवारी आमच्या अंगणातल्या व्हाइसवर उरलेली निम्मी लोखंडी पकडीत तुकडा धरून कानस चालवत असायची. मी खिडकीतनं बघायची. शेवटी तुम्ही कंटाळून एक ठोकळा माझ्या हातात दिलात. आगपेटीहून थोडा मोठा लोखंडाचा तुकडा; त्याच्या सहाही बाजू कानशीनं घासून सपाट करायच्या, आणि प्रत्येक बाजू शेजारच्या बाजूशी काटकोनात आली पाहिजे. पंधरा दिवस मी तो घासला. तळहाताला फोड आले, ते फुटले, आईनं त्यांवर हळद लावली. सोळाव्या दिवशी तुम्ही ठोकळा उचलता, त्याला गुण्या लावता आणि खिडकीकडे धरून बघता. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला तर काम चुकलं, हे मला माहीत आहे. मी तुमच्या खांद्याशी उभी आहे. मला उजेड दिसत नाही. तुम्ही दुसरी बाजू बघता, तिसरी बघता. मग ठोकळा खाली ठेवता आणि म्हणता, "हात कच्चा आहे तुझा. तुला नाही जमायचं. अकरावीचं बघ." आणि आत जाऊन पाणी पिता.

मी अकरावीचं बघितलं. कॉम्प्युटरची इंजिनिअर झाले, जिथं हात कच्चा असला तरी चालतो. पुण्यात नोकरी, लग्न, मग डब्लिन. पहिलं ऑफिस बॉल्सब्रिजला, मग ग्रँड कॅनाल डॉकला, मग इकडं ॲथलोन. प्रत्येक टप्प्यावर पगारापेक्षा जास्त गोड मला हे लागायचं की बघा, तुमच्यावाचून झालं. फोनवर तुमच्याशी मी "बरे आहात ना, औषधं घेताय ना" याच्या पुढं कधी गेले नाही. तुम्हीही गेला नाहीत. परक्यांच्या शेकडो पोरांना तुम्ही शिकवलंत. त्यांतला एखादा साधी गाठ नीट मारू शकत नसे, त्यालाही तुम्ही कानस धरायला शिकवलीत. आणि मला, तुमच्या मुलीला, दोन वाक्यांत निकालात काढलंत. तुम्ही गेल्यावरही मी ते सोडलं नाही. म्हणून शनिवारी गाडीखाली पडल्या पडल्या मला काळजी खोलीची नव्हती. ती एप्रिलपर्यंत पावसात कुजली असती तरी चाललं असतं. पण माझ्या हातानं ती आत गेली नाही तर तुमचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

बोल्ट ठोकून बाहेर काढला आणि बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या आईच्या हातात सहज दिला, हरवू नये म्हणून. तिनं तो अंगठा आणि बोट यांच्यात फिरवला आणि म्हणाली, "हे मिलिमीटरचं कशाला घातलंस? इथं अडीच सुती पाहिजे की."

मी चटईवरून उठून बसले. इथल्या लोकांना इंच माहीत आहे, पण इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे तुमच्यानंतर मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मी भोकात पट्टी घालून मोजलं. बरोबर अडीच सूत. ही गाडी अख्खी सुतांत बांधलेली आहे अण्णा. चार सुती, तीन सुती, साडेचार सुती बोल्ट सगळीकडे, आणि मी पाच महिने तिच्याशी मिलिमीटरमध्ये झटापट करत होते.

"आणि इतका पक्का कुणी घातला हा?" आईनं विचारलं.

"मीच. अण्णा म्हणायचे ना, कच्चा बोल्ट घालू नये."

ती हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुझ्या अण्णांचं काय सांगतीस मला. मिक्सर आठवतो का आपला पहिला? त्याच्या बुडाशी तो काळा गोल असतोय बघ, ज्याच्यावर भांडं बसतंय. रबराचा. वर्षाला एक तुटायचा. तर म्हणाले, कंपनीला अक्कल नाही, मी पितळेचा करतो. आयटीआयच्या लेथवर करून आणला की. असा झगझगीत. आल्यागेल्याला मिक्सर उलटा करून दाखवायचे. महिन्यानं सुक्या खोबऱ्याचा तुकडा पात्यात अडकला. पितळ कुठलं तुटतंय? मोटर जळली. घरभर धूर."

मला तो धूर आठवतो. तुम्ही व्होल्टेजला शिव्या दिल्या होत्या हेही आठवतं, आणि वायरमनला बोलावून त्यालाही दिल्या होत्या.

"व्होल्टेज कसलं डोंबलाचं! दुसऱ्या दिवशी मोटरचं वाइंडिंग करून आणलं आणि दुकानातनं रबराचाच गोल आणून गपगुमान बसवला. मी बघितलं, पण बोलले नाही. ते तुटायलाच केलेलं असतंय गं."

म्हणजे चूक माझी नव्हतीच, वारशानं आलेली होती. मी बोल्ट परत मागितला तर आईनं तो पिशवीत टाकला आणि म्हणाली, हा आता घालायचा नाही.

मालकिणीच्या शेडमध्ये तिच्या सासऱ्याच्या काळातला व्हाइस होता. "देअर'स फाइल्स इन द प्रेस," ती म्हणाली. प्रेस म्हणजे इथं कपाट. कपाटात तीन कानशी निघाल्या, दोन गंजलेल्या आणि एक बरी, आणि जुन्या बोल्टांनी भरलेला एक बिस्किटाचा डबा. मी पुढचं चाक दांड्यावरून काढून आणलं आणि व्हाइसमध्ये धरलं. नवं चाक मिळायला अमेरिकेला पत्र लिहावं लागलं असतं. पण दाते तुटलेले नव्हते, चेपले होते. दुमडलेल्या कडा घासून काढल्या तर चाक पट्टीत पुन्हा बसेल, निदान खोली घरापर्यंत नेण्यापुरतं. फक्त जास्त घासायचं नाही. जास्त घासलं तर दाता बारीक होणार आणि मग खेळ खलास. अठ्ठावीस वर्षांनी हातात कानस आली होती. मी दहा-बारा वेळा घासलं असेल. आई गुरांच्या खाद्याच्या पोत्यावर बसून बघत होती.

"मागं घेताना दाबू नकोस," ती म्हणाली. "पुढं जाताना दाब, मागं हलकी आण. दाते मरतात कानशीचे."

"तुला कसं ठाऊक?"

"का? त्या पोरांना ओरडायचे ते रोज ऐकत होते की मी. पोरं चुकायची, पाठ माझं झालं. आणि शेवटी शेवटी त्यांना दिसेना झालं, तेव्हा अंगणात बोल्टांचे पाने कोण काढून देत होतं? अडीच म्हटलं की अडीच, तीन म्हटलं की तीन. तू तेव्हा पुण्याला होतीस."

हे मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच की आई स्वयंपाकघरात असायची. मग माझ्या तोंडून सगळं निघालं. म्हटलं, त्या पोरांना शिकवलं, तुला शिकवलं, मला तेवढं नाही. माझा ठोकळा बरोबर होता, मी स्वतः बघितलं, उजेड कुठनं येत नव्हता. काय कमी होतं माझ्यात? माझा आवाज चढला होता. चव्वेचाळीस वर्षांची बाई परक्याच्या शेडमध्ये कानस हातात घेऊन आईवर ओरडत होती. आई म्हणाली, "त्यांनी नव्हे. मी नको म्हटलं होतं."

मला कळलंच नाही.

"मीच सांगितलं त्यांना आदल्या दिवशी. पोरीचा हात बसायला लागलाय, मला दिसत होतं की. म्हटलं, हिच्या हातात कानस बसली तर ही इथंच राहंल, तुमच्या आयटीआयत, काळे हात घेऊन. शिकवू नका. ते म्हणाले, मग सांगू काय तिला? म्हटलं, काहीतरी सांगा. तुला सांगून आत आले, पाणी प्यायले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, उजेड येत नाही गं कुठनंच, आणि मी तिला खोटं सांगून आलो. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तू लांब जायला पाहिजे होतीस. लांब म्हणजे पुणं म्हणायचं होतं मला. हे एवढं नव्हतं."

मला तिचा राग आला. खूप आला. मग तुमचा आला. आयुष्यात तुम्ही तिचं कधी ऐकलं नाहीत. मिक्सरचं ऐकलं नाहीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं ऐकलं नाहीत, आणि नेमकं हे ऐकलंत. पण तो राग नेहमीसारखा टिकेना. ज्याच्यावर एवढी वर्षं रागवायचं तो माणूस त्या दिवशी आत जाऊन पाणी प्यायला होता आणि चार दिवस घरात बोलला नव्हता. मी आईला विचारलं, मग इतकी वर्षं तू का नाही सांगितलंस?

"ते सांगणार होते. शेवटच्या दुखण्यात रोज म्हणायचे, ती आली की मी स्वतः सांगतो, तू मधे बोलू नकोस. तुला रजा मिळाली नाही. त्यात तुझा काय दोष? परका देश, नवी नोकरी. ते गेल्यावर मला वाटलं, आता मी सांगून काय उपयोग, तुला वाटंल मी मनचंच सांगतेय. राहिलं." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती उठली आणि बोल्टांचा डबा मांडीवर घेऊन पुन्हा बसली. "घास तू. संध्याकाळ व्हायच्या आत होऊ दे."

मी घासलं. एकेक दाता, मधून मधून चाक दाराकडे धरून दोन दात्यांमधला उजेड सारखा दिसतो का ते बघत. तीन दात्यांना साडेतीन तास लागले. तेवढ्या वेळात आईनं डब्यातले बोल्ट बोटांनी चाचपून तीन अडीच सुती वेगळे काढले. ती एकेक माझ्यापुढं करायची आणि मी त्याच्यावर कानस ओढून बघायची. पहिल्यावरून कानस घसरली, म्हणजे पक्का. दुसऱ्यावरूनही घसरली. तिसऱ्याला चावली आणि भुसा पडला. "हा," आई म्हणाली. "हा कच्चा आहे. हाच घाल."

आज सकाळी उरलेलं केलं. पुढचं चाक दांड्यावर चढवायच्या आधी मागची बाजू पान्यानं फिरवत फिरवत चार इंच पुन्हा बाहेर काढली, लाटणं सोडवलं (त्याला एक खोच पडली आहे, आई म्हणते पोळीला काही होत नाही), आणि दोन्ही बाजू समान झाल्या का ते टेपनं मोजलं. आई छत्री घेऊन बाहेर उभी. "पुढं एक सूत राहिलंय," ती म्हणाली. टेप मला बरोबर दाखवत होती. पुन्हा मोजलं, टेप तिरकी धरली होती, आणि खरंच एक सूत राहिलं होतं. ते काढलं. चाक चढवलं, कच्चा बोल्ट घातला, आत जाऊन बटणावर बोट ठेवलं. आई म्हणाली, थांब, आणि ओट्यावरचं सगळं उचलून दोन्ही हातांत धरून उभी राहिली: लाटणं, पोळपाट, चहाचं गाळणं. मग म्हणाली, दाब. चेपलेल्या दात्यांपाशी तीन वेळा टकटक आवाज आला, माझा जीव तीन वेळा वर गेला, आणि खोली सरळ आत येऊन बसली.

मालकीण साखळी हातात घेऊनच आली होती. तिनं खोलीकडे बघितलं, माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "वेल, फेअर प्ले टू यू. हू टॉट यू ऑल दॅट?" तुमचं नाव घ्यावं तर तुम्ही शिकवलं नव्हतं, आईचं घ्यावं तर तिनंच शिकवू दिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हर फादर." एरवी इंग्रजीत तिची शब्दांची जुळवाजुळव चालते; हे मात्र तिनं एका दमात सांगितलं. मालकिणीनं मान डोलावली आणि फाटक उघडलं. वाटेत आम्ही फार बोललो नाही. पोळ्या खाल्ल्या.

आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. गाडी घरासमोर उभी आहे. खोली एकदा बाहेर काढून बघितली, चालते. तीतच सोफ्यावर बसून हे लिहितेय. आई समोर बसून मेथी निवडतेय. आताच विचारलं तिनं, एवढं काय लिहितीस. मी म्हटलं, मापं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळेला लागतील. तिला खरं वाटलं.

भांडायला बसले होते आणि भांडण उरलं नाही, हे मला काही फार बरं वाटत नाहीये. रागानं मी तुम्हाला रोज काहीतरी सांगत होते. आता काय सांगायचं ते नव्यानं शोधावं लागेल. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, घरात ठेवणारही नाही, कारण ते आईच्या हाती लागता कामा नये. मला रजा मिळाली नाही असं ती बारा वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आली आहे. अंथरुणावर तुम्हालाही रोज तेच सांगितलं असेल, आणि तुम्ही ते खरं मानून वाट बघितली असेल. बॉल्सब्रिजच्या त्या ऑफिसातला माझा साहेब भला माणूस होता. मी तोंडातून शब्द काढला असता तर त्यानं त्याच दिवशी जा म्हटलं असतं. अण्णा, मी रजा मागितलीच नव्हती.